यादी खरी करताना

पुंता अरेनासच्या ग्रंथालयात, काउंटरच्या काचेखाली
एक यादी होती : गावात कुठे काय शिकता येतं,
कुठे चार माणसं जमतात.
त्रेचाळीस नावं, टाइप केलेली,
कोपऱ्यात कुणाच्या तरी कपाचा तपकिरी गोल.
मी ती कधी वाचली नव्हती. नुसती दाखवायचे.

योर्खेलिस आली ती मे महिन्यात, थंडी पडताना.
व्हेनेझुएलाहून. अंगात उसना कोट,
बाह्या बोटांच्याही पुढे.
म्हणाली, काहीही चालेल. शिवण, हिशेब, गाणं.
फक्त खोलीत माणसं हवीत.
मी सतराव्या नावावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परत.
"तिथे टायरचं दुकान आहे.
माणूस भला होता. हवा कशी भरतात ते शिकवलं त्याने."
ती हसली.
मला काही हसता येईना.

शनिवारी यादी प्लास्टिकच्या पिशवीत घातली
आणि निघाले दारोदार.
इथला वारा समोरच्याला माणूस समजत नाही.
वादळाच्या दिवशी रस्त्याकडेला दोर बांधतात,
त्याला धरून बँकेत जायचं, दवाखान्यात जायचं.
मी दोर धरून पत्ते शोधले.

चौथं नाव, नाचाचा वर्ग. बाई वारल्या, चार वर्षं झाली.
मुलगी म्हणाली, "फोन अजून येतात.
आईचं नाव कुणीतरी विचारतं, बरं वाटतं.
नंबर खोडू नका."
नाही खोडला. चूक आहे, ठाऊक आहे मला.

नववं, बुद्धिबळ मंडळ, आता बेकरीच्या मागे.
दोन म्हातारे, मध्ये पट, पटावर पीठ.
डाव गेल्या रविवारपासून अडलेला
आणि दोघांनाही तो सोडवायची घाई नाही.

अकरा ते सोळा : कुलूप, कुलूप, कुत्रा, कुलूप,
"कोण म्हणालात?", कुलूप.

बंबवाल्यांच्या गॅरेजातून अकॉर्डियन ऐकू आलं,
आत सात बाया, लाल गाडीला टेकून, एकच सूर चुकवणाऱ्या.
यादीत हे नव्हतंच.
मी पेन्सिलने लिहिलं, चव्वेचाळीस.

एकतिसावं नाव सगळ्यात लांब,
सामुद्रधुनीकडे उतरणाऱ्या गल्लीत.
लोकर कातायचा वर्ग, गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात.
म्हणून मी गुरुवारची वाट पाहिली.
पाचलाच काळोख झाला होता. दार ढकललं, हललं नाही.
वहीत "बंद" लिहिलं.
वळले, तेव्हा पत्र्याच्या धुराड्यातून धूर दिसला.

आत दानित्झा मिहोविलोविच, वय विचारलं नाही मी.
स्टोव्ह पेटलेला, सहा खुर्च्या गोल मांडलेल्या,
प्रत्येकीवर एक चाती, एक मूठ लोकर.
पाच खुर्च्या रिकाम्या.
"बाकीच्या?"
"शेवटची गेली दोन हिवाळ्यांपूर्वी, लेकीकडे, उत्तरेला."
"मग तुम्ही दर गुरुवारी..."
"ग्रंथालयाच्या यादीत नाव आहे ना आमचं,"
ती म्हणाली, जणू मीच काहीतरी विसरतेय.
"कुणी यादी वाचून आलं
आणि दिवा नसला, तर?"

मला सांगवेना की यादी कुणी वाचत नव्हतं.
बसले. चाती तीनदा खाली पडली.
धागा आला तो एके ठिकाणी दोरखंड, एके ठिकाणी केस.
तिने तो गुंडाळून माझ्या खिशात घातला,
पहिला कुणी टाकायचा नसतो म्हणाली.

शुक्रवारी नवी यादी टाइप केली.
योर्खेलिसला एक प्रत दिली, ती कुठे गेली
की गेलीच नाही, हे मी विचारलेलं नाही.
एकतिसाव्या नावापुढे
साहेबांना न विचारता दोन ओळी जास्त घातल्या :

दार अडकल्यासारखं वाटेल. बंद नाहीये.
खांदा लावा.